पुढच्या माणसाची गाडी

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला हात दाखवायला सांगितलं.

"दोन्ही. आता पालथे करा. ही अंगठी निघते का? घड्याळाचा पट्टा स्टीलचा आहे, हं. नखं ठीक आहेत."

मला वाटलं, झालं, ज्योतिषाच्या घरात येऊन पडले. पुण्याहून नोएडात येऊन मला अकरा दिवस झाले होते. ऑफिसचं गेस्ट हाउस दुसऱ्या दिवशी सोडायचं होतं, आणि तोवर भेटलेल्या घरमालकांनी मला मांसाहार, मित्र आणि लग्न या तीन विषयांवर पुरेसं छळलं होतं. हा चौथा विषय नवा होता. पण माणूस मराठी होता, घर मेट्रोजवळ होतं, तेव्हा मी मुकाट्यानं हात पुढे केले.

भविष्यबिविष्य काही नव्हतं. वरच्या मजल्याचा जिना गाडी ठेवायच्या जागेतून चढायचा. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. तिथून जाताना माझ्या अंगावरचं काही गाडीला घासेल का, एवढीच त्यांची चौकशी होती.

"पर्स उजव्या खांद्याला. छत्री असली तर मिटून, टोक खाली. आणि काही झालं तरी जिन्यातून पळत यायचं नाही."

"भूकंप झाला तर?"

त्यांनी खरंच विचार केला. "तर गच्चीवर जा," म्हणाले.

मी जन्माची घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला तीनदा परत येणारी. असल्या माणसाच्या घरात मी चार वर्षं कशी काढली हे माझं मलाच कळत नाही. पहिले सहा महिने तर त्या वाटेनं जाताना मी श्वास आत ओढून, पोट खपाटीला नेऊन, भिंतीला पाठ लावून सरकत जायचे. नंतर सवय झाली, आणि घरमालक माझे काका झाले, त्यांची बायको काकू. आजही पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधून जाताना पर्स आपोआप उजव्या खांद्यावर जाते.

गाडी माझ्या नजरेला पडली ती तीन आठवड्यांनी, कारण ती तीन पांघरुणांखाली असायची. आत मऊ फ्लॅनेल, त्यावर पाणी न धरणारं कव्हर, आणि सगळ्यात वर काकूंच्या आईनं हातानं शिवलेली गोधडी. गोधडी माकडांसाठी होती. आमच्या सेक्टरमध्ये माकडांचा भारी उच्छाद, आणि गाडीचं छप्पर कापडाचं, मागे दुमडून उघडणारं. माकडाची नखं काय करू शकतात याचे काकांकडे फोटो होते.

गाडी मात्र खरोखर देखणी होती, खोटं कशाला बोला. दोनच माणसांची, बुटकी, रुंद, हळदीसारखी पिवळी. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीतला एक साहेब बदली होऊन मायदेशी निघाला, तेव्हा काकांनी ती त्याच्याकडून घेतली. तेव्हा ती तीन वर्षांची होती. "आयुष्यात एकच वेडेपणा केला," असं काका म्हणायचे. मग तो वेडेपणा त्यांनी फार शहाणपणानं वापरायचा ठरवला, म्हणजे वापरायचाच नाही असं ठरवलं. मी गेले तेव्हा मीटरवर दहा हजार किलोमीटरही झालेले नव्हते, आणि त्यातले जवळजवळ सगळे त्या साहेबानं केलेले होते.

काकांचा धंदाच तसा होता. तीस वर्षं ते विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करत होते. चेपलेली दारं, फुटलेले दिवे, पुलावरून खाली गेलेले टेम्पो, सगळं बघून नुकसान किती ते लिहून द्यायचं. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना नवी असताना दिसायचीच नाही. ती पुढे कशी दिसेल तेच आधी दिसायचं. त्यांचा आवडता शब्द 'घसारा'. फ्रिजला घसारा, सोफ्याला घसारा. मी एकदा तापातून उठले तेव्हा माझ्याकडे निरखून म्हणाले, "तुझा घसारा जरा लवकर सुरू झाला, यार. झोपत जा."

ओरखडा दिसला की त्यांची एक ठरलेली परीक्षा असे. अंगठ्याचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवायचं. नख सरळ निघून गेलं तर ओरखडा वरवरचा, पॉलिशनं जाणारा. नख अडकलं की तो रंगाच्या खाली गेला, आता तो कायमचा. हे नख त्यांनी हजारो गाड्यांवर फिरवलं होतं, आणि ते जे सांगेल तेच कागदावर जायचं. एकदा काकूंच्या सख्ख्या भावाची गाडी ठोकली गेली. पाहणीला नेमके काकाच. भावानं हळूच जुने दोन पोचेही त्यात दाखवले होते. काकांनी नख फिरवलं आणि लिहून दिलं, हे दोन पोचे जुने आहेत. भाऊ दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही.

"मी ताट घेऊन बसायची," काकू मला सांगत होत्या. "हे म्हणाले, नख अडकलं त्याला मी काय करू."

आणि मग 'पुढचा माणूस'. हे प्रकरण मला कळायला वेळ लागला. मी भिंतीत खिळा ठोकायची परवानगी मागितली तर काका म्हणाले, "नको, पुढच्या माणसाला आवडणार नाही." मला वाटलं, माझ्यानंतरचा भाडेकरू ठरलाय की काय. काकूंनी ओट्यावर गरम पातेलं ठेवलं की तेच, "पुढचा माणूस काय म्हणेल?" टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक, जेवायच्या टेबलावर काच, काचेवर पुन्हा प्लॅस्टिक. प्रत्येक वस्तू कधीतरी कुणीतरी विकत घेणार होतं, आणि तो कुणीतरी काकांच्या डोळ्यांपुढे हात मागे बांधून सतत उभा असायचा.

"या घरात आम्ही तिघं राहतो," काकू म्हणायच्या. "मी, हे, आणि तो मेला पुढचा माणूस. त्याचाच शब्द चालतो."

माझ्याकडे तेव्हा एक जुनी छोटी गाडी होती, दिल्लीच्या ट्रॅफिकनं चारी बाजूंनी चाखलेली. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, नख कुठे कुठे अडकलं ते मोजायचं सोडून दिलं आणि म्हणाले, "या गाडीला पुढचा माणूस मिळणार नाही."

"मग मीच वापरते," मी म्हटलं. त्यांना ते उत्तर उद्धट वाटलं असणार. दोन दिवस बोलले नाहीत.

आता काकूंच्या बांगड्यांचं. गाडी घरात आली त्या दिवशी काकूंनी तिला ओवाळलं, कुंकू लावलं (ते काकांनी लगेच पुसलं), आणि दार उघडून बसायला निघाल्या. काका म्हणाले, "अगं, बांगड्या तेवढ्या उतरव. दाराची कड मऊ आहे."

काकूंच्या हातात दोन-दोन सोन्याच्या पाटल्या आणि मध्ये हिरव्या काचेच्या. काकू तशा नव्या वळणाच्या होत्या. जीन्स घालत, दिल्लीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, सत्यनारायणाला नाकं मुरडणाऱ्या. पण एवढ्या एका गोष्टीत त्या त्यांच्या आईच्या मुलगी होत्या.

"रिकाम्या हातांनी बसू तुमच्या शेजारी? तुम्ही धडधाकट समोर उभे असताना? जीभ झडली नाही तुमची म्हणताना!"

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"पाच मिनिटंही नाही. बांगड्यांसकट बसेन, नाहीतर बसणार नाही."

नाही बसल्या. काका म्हणाले, "बघू." काकू म्हणाल्या, "बघा." त्यात अकरा वर्षं गेली. ती गाडी काकूंनी पुसली, तिच्यावर स्वतःच्या आईची गोधडी घातली, उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या, पण आत एकदाही बसल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "काकू, राग नाही येत?" त्या भाजी निवडत होत्या. "रागाचं राहू दे गं," म्हणाल्या. "वरचं छप्पर उघडून, वारा लागतोय, हे शेजारी आहेत, असं एकदा जायचं होतं. केस पांढरे व्हायच्या आत म्हटलं होतं. आता नुसतं जायचंय." आणि उगाच हसल्या. मला तेव्हा काकांचा असा संताप आला, की जिना चढताना मुद्दाम पर्स डाव्या खांद्यावर घेतली. दोन पायऱ्या चढल्यावर भीती वाटली, परत उजव्या खांद्यावर घेतली.

दर रविवारी सकाळी सात वाजता गाडी ढकलायचा कार्यक्रम असे. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून चपटे होतात, म्हणून ती हलवायला हवी. चालवत हलवली तर मीटर फिरणार. म्हणून इंजिन बंद ठेवून, मीटर झोपलेलं असताना, आम्ही ती हातांनी तीन फूट पुढे आणि तीन फूट मागे ढकलायचो. मी, काका, आणि समोरचे एक मिश्राजी, जे या बदल्यात काकूंच्या हातचे पोहे खायचे. काका हातात मोजे घालून "आराम से, आराम से" करत. मग ते बूट काढून आत बसत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत, आणि दहा मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत राहत. मी पहिल्या रविवारी हसले होते. नंतर हसू येईना. काकू त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत.

माझ्यातही हे उतरलं होतं, हे कबूल करायला हवं. नव्या फोनवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा मी वर्षभर काढला नाही. आईनं दिलेली पैठणी दोनदा काढून परत ठेवली.

काकांनी किलोमीटर सांभाळले, पण कॅलेंडर कसं सांभाळणार? दिल्लीच्या आसपास नियम असा, की पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की तिनं रस्त्यावर दिसायचं नाही. मग ती किती चालली, कशी ठेवली, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. काकांना हा नियम माहीत होताच. त्यांच्याहून चांगला कुणाला माहीत असणार? पण त्यांची श्रद्धा होती, की नियम बदलेल, आणि इतकी कमी चाललेली गाडी दुर्मीळ होऊन तिचा भाव उलट वाढेल. पेपरात 'नियम स्थगित' असं आलं की त्या दिवशी जिलबी. 'नियम पुन्हा लागू' आलं की जेवण नाही. असं दोन-तीन वेळा झालं. प्रत्येक जिलबीला विक्री पुढे ढकलली, आणि प्रत्येक उपाशी दिवशी भाव खाली आला.

गाडीला चौदा वर्षं पुरी होऊन गेली तेव्हा काकांना झोप लागेना. सकाळी सहालाच माझ्या दारावर टकटक. हातात पेपर, चष्मा कपाळावर. "हे बघ, यात 'जप्त' लिहिलंय. घरात उभी असलेलीसुद्धा उचलतात का?" मी नेटवर शोधून द्यायचे, आणि मला उत्तर सापडायचं नाही. मग आम्ही दोघंही घाबरून चहा प्यायचो. गल्लीत कुठला ट्रक थांबला की काका गच्चीवरून वाकून बघायचे. दाराची बेल वाजली की काकू आधी खिडकीतून बघायच्या. त्या तीन-चार महिन्यांत त्या घरात एकही माणूस नीट जेवला नसेल.

अखेर गिऱ्हाईक मिळालं ते चंदिगडचं, म्हणजे नियमाच्या हद्दीबाहेरचं. एक दातांच्या डॉक्टर. त्यांनी मी ऑफिसात असताना आपला मेकॅनिक पाठवला, त्यानं नवी बॅटरी आणि ताजं पेट्रोल घालून गाडी बघितली, आणि फोनवरच सौदा ठरला. काकांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिलं होतं, की ताबा देताना मीटर दहा हजारांच्या आत असेल. तोच तर त्यांचा अभिमान होता. मीटरवर होते नऊ हजार नऊशे बासष्ट. नोएडाहून चंदिगड पाच-सहा तासांची वाट, तेव्हा चालवत न्यायचा प्रश्नच नव्हता. गाडी ट्रकवर चढवून न्यायची ठरली.

ट्रक पहाटे आला. काकू आणि मी माझ्या पोचेवाल्या गाडीतून मागून जाणार होतो, कारण परत यायला गाडी हवी. काका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसतील असं आम्ही धरलं होतं. पट्टे आवळून झाले, आणि बघतो तर काका वर चढून गाडीचं दार उघडतायत. बूट काढून हातात.

"अंकलजी, ये अलाउड नहीं है," ड्रायव्हर म्हणाला.

"मैं हिलूँगा नहीं," काका म्हणाले, आणि बसले.

तसे आम्ही निघालो. पुढे ट्रक, ट्रकवर पिवळी गाडी, गाडीच्या मागच्या काचेतून काकांचं डोकं. रस्ता वळला की स्टिअरिंग धरल्यासारखे त्यांचे खांदे किंचित वळायचे. एक पट्टा तुटला तर? कुणी ब्रेक मारला तर? मी इतकी घट्ट स्टिअरिंग धरून होते की बोटं बधिर झाली.

"बघ, बघ कसे बसलेत," काकू म्हणाल्या. "किलोमीटर ट्रकचे, हौस यांची." त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. मग म्हणाल्या, "एकटेच बसलेत गं."

पानिपतच्या टोलनाक्यावर व्हायचं तेच झालं. पोलिसानं शिटी मारली, काकांना खाली उतरवलं, ड्रायव्हरला झापलं. थोडं पुढे एका ढाब्यावर आम्ही थांबलो. काका बाजेवर बसले होते, बूट पायात, चहा समोर, आणि चहाकडे लक्ष नाही. आता पुढे ट्रकच्या केबिनमध्ये. म्हणजे संपलं. त्यांना पुन्हा त्या गाडीत बसायला मिळणार नव्हतं.

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "मीटर किती झालंय?"

"नऊ हजार नऊशे बासष्ट."

"म्हणजे अडतीस किलोमीटर आपले आहेत की हो. कागदावर दहा हजारांच्या आत लिहिलंय ना? तुम्हीच लिहिलंय. हे अडतीस कुणासाठी ठेवलेत?"

तीस वर्षं आकडे बघणारा माणूस, आणि हा हिशेब त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

"पानिपतात मराठी माणसानं असली धाडसं करू नयेत," ते कसंबसं म्हणाले.

"इथवर आलोय तर करू या," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

ड्रायव्हरनं गाडी उतरवली. छप्पर उघडता उघडेना, अकरा वर्षं कुणी उघडलंच नव्हतं. ड्रायव्हर, मी आणि ढाब्याचा मालक अशा तिघांनी ओढल्यावर ते कुरकुरत मागे गेलं आणि डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की ढाब्याचा मालक शिंकला. काकू दाराशी उभ्या राहिल्या. हात समोर धरून, हिरव्या बांगड्यांसकट.

काकांनी त्या बांगड्यांकडे बघितलं. मग डिकीतून गाडी पुसायचं पिवळं फडकं काढलं, उभं फाडून त्याचे दोन तुकडे केले, आणि काकूंच्या दोन्ही मनगटांना बांगड्यांवरून नीट गुंडाळून गाठी मारल्या. "फार घट्ट नाही ना?" त्यांनी विचारलं. काकूंनी नुसती मान हलवली. माझे डोळे भरून आले, लपवायचं कशाला?

ठरलं असं, की ट्रक आणि मी पुढे जायचं, कर्नालच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे तिथे थांबायचं. तिथवर चौतीस-पस्तीस किलोमीटर होतात. तिथे गाडी पुन्हा ट्रकवर.

आम्ही पंपावर पोचलो आणि वाट बघत उभे राहिलो. वीस मिनिटं झाली. अर्धा तास. फोन लावला, उचलत नाहीत. माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. अकरा वर्षं न चालवलेली गाडी, जुने टायर, सत्तरीला आलेला माणूस, आणि त्या हायवेवरचे ट्रक. ब्रेक लागतात का हे तरी कुणी बघितलं होतं? मी का हो म्हटलं? ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आ जाएँगे," आणि तोही सारखा रस्त्याकडेच बघत होता.

मग लांब पिवळं काहीतरी दिसलं. आधी आवाज आला, चार वर्षांत मी त्या गाडीचा न ऐकलेला आवाज. मी रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवले. गाडी हळू झाली. काकांनी आमच्याकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, मग शेजारी काकूंकडे बघितलं. आणि गिअर बदलला.

गेले. समोरून सरळ निघून गेले. काकूंचा डावा हात दारावरून बाहेर, उंच केलेला, फडकं केव्हाच उडून गेलेलं, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. पांढरे केस सगळे उभे. त्या काहीतरी ओरडल्या, पण ऐकू आलं नाही.

"लो जी," ड्रायव्हर म्हणाला. "अब मैं क्या ले जाऊँ?"

त्याला पैसे देऊन मी परत पाठवलं आणि एकटीच त्या दोघांच्या मागे निघाले. पूर्ण वाटेत मला ती गाडी दिसली नाही, इतके ते पुढे होते. प्रत्येक वळणावर गर्दी दिसली की मी हळू होऊन तिथे पिवळं काही पडलंय का बघायचे.

चंदिगडला डॉक्टरबाईंच्या फाटकासमोर गाडी उभी होती. शाबूत. काकू आत तोंड धुवायला गेल्या होत्या. काका बाईंसमोर उभे होते, शाळेत चूक कबूल करायला उभं राहावं तसे.

"डॉक्टर साहब, पहले मीटर देख लीजिए. दस हज़ार एक सौ बाईस. मैंने लिखकर दिया था. ग़लती मेरी है."

बाईंनी मीटरकडे बघितलं की नाही मला आठवत नाही. त्यांनी विचारलं, "चलती कैसी है?"

गाडीच्या रंगाची जाडी, टायरची तारीख, सीटची शिवण, हे सगळं काकांच्या जिभेवर असायचं. हा प्रश्न त्यांना अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि त्या सकाळपर्यंत उत्तरही नव्हतं. मग ते बोलायला लागले ते थांबेचनात. तिसऱ्या गिअरमध्ये कशी उचल घेते, ऐंशीच्या पुढे डाव्या काचेपाशी शिटी कशी वाजते, वळणावर कशी जमिनीला चिकटून राहते. बाई हसत ऐकत होत्या. आणि मी बघत होते, हाच तो पुढचा माणूस. पन्नाशीची, बॉबकट केलेली, चष्मा डोक्यावर सरकवलेली एक बाई, जिला गाडी फक्त चालवायची होती. हिच्या धाकानं माझ्या खोलीत चार वर्षं एक खिळा नव्हता.

सगळं बोलून झाल्यावर काका बाईंना गाडीच्या डाव्या बाजूला घेऊन गेले. दाराच्या वरच्या कडेला, बाहेर हात टेकतो तिथे, वीतभर लांब ओरखडा होता. बाईंना तो दिसलाही नव्हता. काकांनी अंगठ्याचं नख त्याच्यावरून आडवं फिरवलं. मी शेजारीच उभी होते. नख अडकलं.

"रंग के नीचे तक गया है," काका म्हणाले. "पॉलिश से नहीं जाएगा." मग मीटर आणि ओरखडा मिळून त्यांनी आपणहून किंमत खाली आणली, चांगलीच खाली. बाई नको नको म्हणत होत्या, पण काकांनी ऐकलं नाही.

"ये हुआ कैसे, अंकल?"

"वाइफ की चूड़ियों से," काका म्हणाले. आणि जरा थांबून, "आज ही."

परतीला काका माझ्या शेजारी बसले, काकू मागे. दोघंही दमलेले. कर्नाल गेलं, तो पंप गेला, ढाबा गेला. पानिपतच्या पुढे आल्यावर मागून काकूंचा आवाज आला. बारीक, घाबरलेला.

"अहो. उतरताना मला दाराला ओरखडा दिसला. माझ्याच हाताचा ना तो? फडकं उडालं तेव्हा मी गाडी थांबवा म्हणायला हवं होतं."

काका समोर बघत होते.

"एवढी वर्षं जपलीत हो तुम्ही," काकू म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी माझ्यामुळे. बाईंनी पैसे कापले का? खरं सांगा. नख अडकलं?"

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. माझे हात पुन्हा घट्ट झाले होते. सख्ख्या मेहुण्यासाठी ज्या माणसाचं नख खोटं बोललं नाही, त्यानं आता तो अंगठा मुठीत मिटून घेतला.

"छे गं," काका म्हणाले. "वरवरचा होता. नखसुद्धा अडकलं नाही."